कपातीत कोणाचं नाव येतं, हे खातं आणि पाळी ठरवतात

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एखाद्या औषध कारखान्याचा पॅकिंग हॉल बघा. ब्लिस्टर मशीन पीव्हीसीच्या फिल्मला खळगे पाडतं, त्यात गोळ्या सोडतं, वरून फॉइल चिकटवतं, बॅच नंबर उठवतं आणि स्ट्रिप कापून बेल्टवर टाकतं. बेल्टच्या दोन्ही बाजूंना बारा-चौदा बायका बसलेल्या. एकजण रिकामा खळगा किंवा तुटकी गोळी दिसते का ते बघते, दुसरी दहा स्ट्रिप मोजते, तिसरी माहितीपत्रकाची घडी घालून खोक्यात सरकवते, चौथी झाकण दाबते. शेवटची मोठा बॉक्स भरून टेप मारते. हजेरीपत्रकावर या सगळ्यांचं पद एकच, हेल्पर.

भिंतीपलीकडे ग्रॅन्युलेशन, कॉम्प्रेशन, कोटिंग, म्हणजे पावडरचे दाणे करणं, त्यांच्या गोळ्या दाबणं, गोळ्यांवर थर चढवणं. तिथे ऑपरेटर असतात, बहुतेक आयटीआय झालेले पुरुष, तीन पाळ्यांत फिरणारे. कारखाना एक, गेट एक, कँटीन एक. पण नोकरी जाण्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे कारखाने आहेत. ते कसं, हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

समजा कंपनीने कार्टोनेटर आणलं. हे मशीन सपाट खोकं उघडतं, स्ट्रिप आणि घडी घातलेलं माहितीपत्रक आत ढकलतं, झाकण बंद करतं. पुढे चेकवेयर हा वजनकाटा प्रत्येक खोक्याचं वजन करतो आणि एखाद्यात स्ट्रिप कमी असेल तर ते बाजूला फेकतो. चौदा जणींच्या जागी आता तीन माणसं लागतात: खोकी आणि पत्रकं भरायला एक, बाजूला पडलेला माल तपासायला एक, मोठे बॉक्स भरायला एक. शिवाय मशीन महाग असल्यामुळे ते एका पाळीत चालवणं कंपनीला परवडत नाही, ते तीन पाळ्यांत फिरतं. म्हणजे ज्या तीन जागा उरल्या त्यांना ऑपरेटरची ग्रेड लागते आणि रात्रपाळीही लागते. हेल्पर म्हणून पहिल्या किंवा जनरल (दिवसाच्या) पाळीत पंधरा वर्षं काढलेल्या बाईकडे यातलं एकही नसतं.

इथे कोणीही ‘बायकांना काढा’ असं म्हणालेलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही. यादी पंधरा वर्षांपूर्वीच तयार झाली होती, बायकांना पॅकिंगला आणि पुरुषांना मशीनवर घेतलं त्या दिवशी.

आता कायदा. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम २५-जीमध्ये नियम होता: जो शेवटी आला, तो आधी जाईल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तो कायम आहे. मालकाला हा क्रम मोडायचा असेल तर कारण लिहून ठेवावं लागतं. ऐकायला हे अगदी न्याय्य वाटतं. पण नियमातले दोन शब्द बहुतेकांच्या नजरेतून सुटतात: ‘त्या प्रवर्गातला’. ज्येष्ठता अख्ख्या कारखान्याची मोजत नाहीत, त्या प्रवर्गापुरती मोजतात. पॅकिंग हेल्पर हा वेगळा प्रवर्ग असेल तर वीस वर्षं जुनी हेल्पर जाते आणि पलीकडच्या खात्यात दोन वर्षांपूर्वी आलेला ज्युनियर ऑपरेटर राहतो. दोन्ही नियमानुसार. आणि प्रवर्गच संपला तर शेवटी कोण आलं याला अर्थ राहत नाही, कारण सगळेच जातात.

उलट, त्याच कारखान्यात ‘उत्पादन कामगार’ असा एकच प्रवर्ग असता, माणसं पॅकिंग, कोटिंग आणि कॉम्प्रेशनमध्ये सहा-सहा महिने फिरली असती, तर ज्येष्ठता यादी एकच निघाली असती. त्यात वीस वर्षांची बाई वर आणि दोन वर्षांचा मुलगा खाली. कार्टोनेटर आलं तरी काम येणारी माणसं दोन्हीकडची असती. नोकरीची सुरक्षितता म्हटलं की लोक पगार आणि युनियन बघतात. आमच्या मते पहिल्यांदा प्रवर्गाची रचना बघावी.

हे आजचं नाही

मुंबईच्या कापड गिरण्यांत बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग या सूत गुंडाळण्याच्या दोन खात्यांत होत्या. १९२० आणि ३० च्या दशकांत जास्त वेगाची मशीनं आली आणि कपातीचा घाव पडला तो याच खात्यांवर. बायकांना रात्री कामाला लावायची कायद्याने बंदी होती, त्यामुळे जिथे पाळ्या वाढल्या तिथे त्या जागा पुरुषांकडे गेल्या. १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा आला. तो बायकांच्या भल्याचाच होता, पण त्याचा खर्च एकट्या मालकाच्या माथी होता, आणि बाई ठेवणं महाग पडतं हा हिशेब गिरण्यांच्या ऑफिसात मांडला जाऊ लागला. हा हिशेब अजून पुसला गेलेला नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा मिळते, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर लागतं, आणि जिथे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू नाही तिथे रजेचा पूर्ण पगार आजही कंपनीच भरते.

दुसरं उदाहरण तर थेट पॅकिंग हॉलचंच. एका औषध कंपनीच्या पॅकिंग आणि लेबलिंग विभागात नियम होता की अविवाहित म्हणून लागलेल्या बाईने लग्न केलं की नोकरी संपली. बॉम्बे लेबर युनियन हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात घेऊन गेली, निकाल १९६५ चा. कंपनीचं म्हणणं फार शिकण्यासारखं आहे: या विभागात गटाने काम होतं, एक गैरहजर राहिली तर सगळी साखळी अडते, आणि लग्न झालेल्या बायका जास्त गैरहजर राहतात. म्हणजे बोट कामाच्या रचनेकडे आणि शिक्षा बाईला. न्यायालयाने हे मानलं नाही. फरक काय तो प्रसूती रजेचा, आणि त्यासाठी थोड्या जास्तीच्या बायका राखीव ठेवल्या की काम भागतं, असा निर्णयाचा सूर होता. रजा-राखीव हा शब्द किमान तेव्हापासून उपलब्ध आहे. कपातीत पहिला बळी मात्र हमखास या राखीव जागांचाच जातो, आणि मग प्रत्येक रजा पुन्हा ‘अडचण’ होते.

ज्येष्ठता कुठे गळते

२००९ साली लागलेली एक बाई घ्या. २०१५ मध्ये मूल लहान आणि घरी बघायला कोणी नाही म्हणून तिने राजीनामा दिला. २०१८ मध्ये त्याच कंपनीने तिला परत घेतलं. कपातीच्या यादीत तिची ज्येष्ठता २०१८ पासून धरली जाईल आणि २०१६ ला लागलेला सहकारी तिच्या वर असेल. तिने राजीनाम्याऐवजी आधी प्रसूती रजा, मग लागेल तशी बिनपगारी रजा लेखी मंजूर करून घेतली असती, तर सेवा तुटली नसती. प्रसूती रजेचे दिवस तर २४० दिवसांच्या सलग सेवेच्या हिशेबातही धरले जातात. घाईत लिहिलेला एका ओळीचा राजीनामा सहा वर्षं खाऊन टाकतो. कंपन्यांचे एचआर हे सांगत नाहीत, कारण त्यांना कोणी विचारत नाही.

कंत्राटी कामात हीच गळती दर दोन-तीन वर्षांनी ठरलेली. हाउसकीपिंगच्या बायका आणि सिक्युरिटीचे पुरुष त्याच इमारतीत दहा वर्षं असतात, पण ठेकेदार बदलला की नवं नेमणूकपत्र, नवी तारीख. कागदावर सगळे नवखे. मुदतीच्या नेमणुकीचंही तसंच: मुदत संपून नोकरी गेली तर कायदा तिला छाटणी म्हणत नाही.

बस बंद झाली

छाटणीच्या आकड्यांत कधीच न दिसणारी नोकरी अशी जाते. कंपनी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून भिवंडीच्या पुढे हलते, किंवा रबाळ्याहून तळोज्याला. सगळ्यांना तिकडे रुजू व्हायचं पत्र मिळतं, बाई असो की पुरुष, मजकूर तोच. घोडबंदर रोडवर राहणारा पुरुष बाईक काढतो किंवा नव्या जागेजवळ तिघांत मिळून खोली घेतो. तिथेच राहणाऱ्या बाईला साडेसहाला मुलाचा डबा आणि संध्याकाळी पाळणाघर बंद व्हायची वेळ सांभाळायची असते. तीन महिन्यांत ती ‘वैयक्तिक कारणास्तव’ राजीनामा देते. कंपनीच्या नोंदीत हा राजीनामा, छाटणी नव्हे. नोटीस नाही, भरपाई नाही, ज्येष्ठता यादी नाही.

पाळी बदलण्याचाही परिणाम हाच. जुन्या कारखाने कायद्यात बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कामाला लावता येत नव्हतं. नव्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था असेल तर रात्रपाळी चालते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही रात्री साडेनऊ ते सकाळी सातसाठी अशीच अट आहे. कायद्याचा दरवाजा उघडला, पण दुसरी पाळी रात्री ११ ला सुटल्यावर महापेहून कळव्याला पोहोचवणारी गाडी असेल तरच त्याचा उपयोग. खर्च कमी करताना कंपनी सगळ्यात आधी ज्या गोष्टी कापते त्यात बसचे रूट असतात. एक रूट बंद केला की त्या रूटवरच्या किती जणींनी पुढच्या तिमाहीत नोकरी सोडली, हा आकडा काढून बघावा. एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम आहे.

पुरुषांच्या बाजूने रचना नेहमीच उभी असते असं नाही. वागळे इस्टेटमधली लेथ, मिलिंग आणि फौंड्रीची युनिटं बंद पडली, त्यांच्या जागी काचेची ऑफिसं आली, तेव्हा नोकऱ्या गेल्या त्या जवळजवळ सगळ्या पुरुषांच्या, कारण त्या शेडमध्ये बायका नव्हत्याच. अमेरिकेत २००८-०९ च्या मंदीत बांधकाम आणि कारखाने कोसळले आणि पुरुष जास्त बेकार झाले. २०२० मध्ये हॉटेलं, दुकानं, शाळा बंद झाल्या आणि फटका बायकांना जास्त बसला. ज्या खात्यात एकाच तऱ्हेची माणसं कोंबलेली असतात, ते खातं पडलं की ती सगळी माणसं एकदम पडतात. गोदामात फोर्कलिफ्ट आणि बारकोड आल्यावर चढ-उतार करणाऱ्या पुरुषांचंही तेच होतं.

ऐरोलीच्या ऑफिसात

इथे खातं आणि प्रवर्ग यांची जागा प्रोजेक्ट आणि रेटिंग घेतात. आयटी कंपनीत कपात आली की पहिली नजर बेंचवर जाते, म्हणजे ज्यांच्या नावावर सध्या ग्राहकाचं काम नाही त्यांच्यावर. प्रसूती रजेवरून परत आलेली बाई जवळपास नेहमी बेंचवरच उतरते, कारण तिचं काम सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्याकडे गेलेलं असतं. नवीन प्रोजेक्ट कोणाला द्यायचं हे मॅनेजर ठरवतो, बहुतेकदा रात्री आठच्या कॉलवर किंवा चहाच्या टपरीवर. त्या वेळी जो समोर असतो त्याचं नाव आधी सुचतं.

मग येतं अप्रेझल, म्हणजे कामाचं वार्षिक मूल्यमापन. आकडे मांडून बघू. वर्षाचे ५२ आठवडे, आठवड्याचे ४० तास, म्हणजे २,०८० तास. एक बाई २६ आठवडे रजेवर होती. उरले १,०४० तास. परत आल्यावर पहिले ६ आठवडे, म्हणजे २४० तास, तिला कामच दिलं नाही. नंतरचे ८०० तास तिने पूर्ण बिल केले, म्हणजे ग्राहकाच्या कामात घातले. सिस्टिमने ८०० ला २,०८० ने भागलं: ३८ टक्के. रजा वजा करून भागलं तर ७७ टक्के. तिला काम न देण्याचा वेळही वजा केला तर १०० टक्के. बाई एक, काम एक, आणि शेरे तीन. पहिला शेरा पुढे गेला तर कपातीच्या यादीत तिचं नाव पक्कं. सॉफ्टवेअरमध्ये रजेचे आठवडे वजा करायचा चौकोन असतो, तो कोणीतरी टिक करावा लागतो, इतकंच.

त्यात बेल कर्व्ह. दहा जणांच्या टीममध्ये एकाला सर्वांत खालचं रेटिंग द्यायचंच असा दंडक असला की मॅनेजर भांडण कमी होईल असं नाव शोधतो. वर्षातला अर्धा काळ जी जागेवर नव्हती, तिचं नाव सोपं पडतं.

तरीसुद्धा मूल्यमापन वाईट आणि ज्येष्ठता चांगली असा निष्कर्ष काढू नये. समाजशास्त्रज्ञ अलेक्झांड्रा कालेव यांनी अमेरिकी कंपन्यांच्या कपातींचा अभ्यास केला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. पद किंवा सेवाकाळ पाहून सरसकट कपात केली तिथे व्यवस्थापक बायकांचं आणि वंशाने अल्पसंख्य असलेल्यांचं प्रमाण घसरलं. प्रत्येकाचं काम वेगळं तपासायचं आणि त्या निर्णयाचा जाब कोणीतरी विचारणार, अशी रचना होती तिथे ते तसं घसरलं नाही. कालेव यांच्याच २००९ च्या अभ्यासात खात्यांच्या भिंती ओलांडणारे गट आणि एकमेकांचं काम शिकवण्याची पद्धत होती तिथे बायका व्यवस्थापनात जास्त दिसल्या. गोम आहे ती जाब विचारण्यात. नुसतं मूल्यमापन हे त्या बेल कर्व्हसारखंच निघू शकतं.

यादी लावण्याआधी करायचा हिशेब

युनियनची समिती असो की एचआर, हा हिशेब कागद-पेन्सिलीवर होतो. समजा १०० कामगार, ६० पुरुष आणि ४० बायका. यादीत २० नावं, त्यात १४ बायका. बायका राहिल्या २६, म्हणजे ४० पैकी ६५ टक्के. पुरुष राहिले ५४, म्हणजे ६० पैकी ९० टक्के. ६५ ला ९० ने भागा: ७२ टक्के. अमेरिकेत १९७८ पासून अशा निवडींसाठी चार-पंचमांशाचा ठोकताळा वापरतात: हे उत्तर ८० टक्क्यांच्या खाली आलं तर निवडीची पद्धत पुन्हा तपासायची. आपल्याकडे हा कायदा नाही, पण धोक्याचा दिवा म्हणून चांगला आहे. लहान टीममध्ये तो फसवतो. पाचातली एक गेली तरी टक्केवारी घसरते, म्हणून पन्नासच्या खाली त्यावर फार विसंबू नये.

दिवा लागला तर यादीतली नावं बदलू नका, तेही अन्यायाचंच होईल. प्रवर्ग कसे पाडले ते बघा. ‘पॅकिंग हेल्पर’ आणि ‘कोटिंग हेल्पर’ यांचं काम आणि ग्रेड खरंच वेगळे आहेत, की फक्त हॉल वेगळे? उरलेल्या जागांना लावलेली आयटीआयची अट कामाला लागते, की जाहिरातीत सवयीने पडली? कार्टोनेटरचा फॉरमॅट, म्हणजे खोक्याच्या मापाची जुळणी, बदलायला शिकणं जाणत्या हेल्परला काही आठवड्यांत जमतं, कारण स्ट्रिप कुठे अडकते आणि पत्रकाची घडी का सुटते हे तिला आधीच ठाऊक असतं. मशीन बसवतानाच पॅकिंगमधल्या चौघींना मशीन पुरवणाऱ्याच्या माणसाबरोबर उभं करणं हा सर्वांत स्वस्त उपाय. मशीन सुरू झाल्यावर हे होत नाही, कारण तोवर ऑपरेटर बाहेरून आलेले असतात.

कामगाराच्या बाजूने बघायचं तर यादीत नाव यायची वाट बघू नये. महाराष्ट्रातल्या जुन्या नियमांनुसार त्या प्रवर्गाची ज्येष्ठता यादी छाटणीच्या किमान ७ दिवस आधी फलकावर लावावी लागत असे. ती लागली की स्वतःची रुजू तारीख, प्रवर्ग आणि मधला ब्रेक तपासायचा, चूक असेल तर लेखी हरकत द्यायची आणि पोच घ्यायची. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवायचा, फलकावरचे कागद उडून जातात. एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला किमान एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार मिळायला हवा. नव्या संहितेत याशिवाय १५ दिवसांचा पगार मालकाने पुनर्कौशल्य निधीत भरायचा आहे. कारखान्यात ३०० किंवा जास्त कामगार असतील तर सरकारची आधी परवानगी लागते, पूर्वी हा आकडा १०० होता. देखरेखीचं काम आणि १८,००० रुपयांहून जास्त पगार असेल तर माणूस ‘कामगार’ या व्याख्येतून बाहेर जातो. मात्र नेमणूकपत्रावर ‘एक्झिक्युटिव्ह’ लिहिलं म्हणून कोणी बाहेर जात नाही, प्रत्यक्ष काम काय आहे ते पाहिलं जातं.

आणि ‘राजीनामा द्या, रेकॉर्ड चांगलं राहील’ असं सांगून पुढे केलेल्या कागदावर त्याच दिवशी सही करू नये. सही केली की वरच्या परिच्छेदातलं जवळपास काहीच लागू होत नाही.

राजीनामा न देता छाटणी झाली असेल तर एक हक्क शिल्लक उरतो, जो फार थोडे वापरतात. छाटणीनंतर एका वर्षाच्या आत कंपनीने पुन्हा माणसं घेतली तर आधी काढलेल्यांना संधी द्यावी लागते आणि त्यांना प्राधान्य असतं. जुन्या केंद्रीय नियमांत ही सूचना रजिस्टर पोस्टाने, कामगाराने दिलेल्या पत्त्यावर पाठवायची पद्धत होती. नोकरी गेल्यावर भाडं परवडत नाही म्हणून माणसं कळव्याहून बदलापूरला जातात, लग्नानंतर बाईचं आडनाव आणि पत्ता दोन्ही बदलतात, आणि पाकीट ‘पत्त्यावर व्यक्ती नाही’ असा शेरा घेऊन कंपनीत परत येतं. कंपनीने आपलं कर्तव्य केलेलं असतं. घर बदललं त्या आठवड्यात नवीन पत्ता आणि नाव कंपनीला रजिस्टर पोस्टाने कळवा, पोचपावती जपून ठेवा.